दाराआड मावेल एवढं धनुष्य

खोली बघायला गेले तेव्हा काकांनी मला एकच प्रश्न विचारला.

"तुम्हाला वास सहन होतो का?"

घरमालकांचे नेहमीचे प्रश्न मला पाठ होते. नोकरी कुठे, लग्न कधी, परत यायला उशीर होतो का, मैत्रिणी येतात का, मित्र येतात का. त्यांची उत्तरं मी देवासहून येताना बसमध्येच घोकून ठेवली होती. वासाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

"कसला वास?"

"ते बाद में. सहन होतो की नाही, ते सांगा."

"मी मांसाहार करत नाही," मी उगाचच म्हणाले.

"मग तर उत्तमच! कशाचा वास आहे ते तुम्हाला ओळखूच येणार नाही."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, त्या पोरीला कशाला घुमवून राहिले? सरळ सांगून द्या ना, गच्चीवर बकऱ्याच्या नसा वाळत असतात म्हणून!"

मी खोली घेतली ती या काकूंच्या आवाजावर. जिथे घरची बाई इतकं स्वच्छ बोलते तिथे निदान पाण्यावरून फसवणूक होणार नाही, एवढा माझा हिशोब होता. शिवाय उज्जैनच्या या नानाखेड्याहून टावर चौकातल्या माझ्या ऑफिसला थेट टेम्पो मिळायचा. वासाचं म्हणाल, तर पहिला आठवडा मी नाकाला रुमाल लावून जिना चढले आणि काकांना मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. नंतर सवय झाली. माणसाला कशाचीही होते.

काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले. केबिनमधला दांडा खेचला की लांबवर तार ताणली जाते आणि सिग्नलचा हात हलतो, त्या जुन्या जमान्यातले. "तार ढिली पडली की सिग्नल खोटं बोलतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते कुठेही लागू पडायचं. कपडे वाळत घालायची दोरी लोंबली तरी तेच, पुढाऱ्याचं भाषण ऐकलं तरी तेच. ऑफिसातून मी वैतागून आले की माझ्याकडे बघूनही म्हणायचे, "आज तार ढिली आहे बेटा तुझी." अहो-जाहो पहिल्या दिवसापुरतंच होतं.

रिटायर झाल्यावर लोक देवदर्शन करतात, नातवंडं सांभाळतात, सकाळी उद्यानात जोरजोरात हसतात. काकांनी धनुष्य करायला घेतलं. का, याचं कारण दर वेळी वेगळं सांगायचे. कधी म्हणत, आमचे पूर्वज सरकारी शिलेखान्यात, हत्यारांच्या कोठारावर होते. यावर काकू भाजी चिरता चिरता म्हणायच्या, "शिलेखान्यात नव्हे, तबेल्यात. घोड्यांच्या चाऱ्यावर होते." कधी म्हणत, पोटाला व्यायाम होतो. खरं कारण मला फार उशिरा कळलं.

पहिली धनुष्यं बांबूची आणि लांबलचक होती. एक तुटून त्यांच्या कानावर बसलं, त्याचा व्रण अजून आहे. एकाचं वरचं टोक जिन्याच्या पत्र्यात अडकलं. तुटलेली वाया गेली नाहीत. एकावर काकूंची तोंडली चढली होती, आणि एकाला आकडा बांधून शेजारचे शर्माजी जांभळं पाडायचे. शेवटी काकूंनी फर्मान काढलं की यापुढे या घरात धनुष्य होईल ते दाराआड मावेल एवढंच. म्हणजे कमरेइतकं.

"आता ही तर पंचाईत होऊन गेली," काकांनी मला समजावलं. त्या वेळी आम्ही जेवत होतो. त्यांनी ताटातली अख्खी काकडी उचलली आणि दोन्ही हातांनी वाकवली. काकडी कचकन तडकली. "बघितलं? कुठे फुटली? बाहेरच्या अंगाला. आतलं अंग दबून जातं, त्याला त्रास नाही. बाहेरचं अंग ताणलं जातं, ते फाटतं. लाकडाचं असंच आहे. दाबलं तर सोसतं, ताणलं तर रडतं. लांब धनुष्य थोडंसं वाकतं, चालून जातं. आखूड धनुष्य इतकं वाकवायचं तर पाठीवर असं काही पाहिजे, जे ताण सोसेल. नस! जनावराची वाळलेली नस. सरसात भिजवून पाठीवर बसवायची. जुने शिकारी तसंच करायचे, झाडीतून सरपटत जाताना लांब धनुष्य अडकतं म्हणून."

"ती काकडी आता कोशिंबिरीला द्या," काकू म्हणाल्या.

शिकारीचं धनुष्य करणारा हा माणूस चातुर्मासात कांदासुद्धा खायचा नाही. घरात उंदीर झाला तर पिंजऱ्यात पकडून, पिंजरा स्कूटरच्या पायाशी ठेवून, पार क्षिप्रेपलीकडे नेऊन सोडायचे. सोडताना त्याला शेंगदाणे द्यायचे. काकूंची खात्री होती की तोच उंदीर परत येतो, आणि तोही काकांच्या आधी. गल्लीतले लोक विचारायचे, "धनुषवाले साहब, शिकार किसकी करोगे?" काका गंभीरपणे म्हणायचे, "अभी तय नहीं किया."

नसा आणायला ते देवास गेटच्या पुढे एका खाटकाकडे जायचे. ओळखू येऊ नये म्हणून डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवायचे, काचही खाली. पण स्कूटर अख्ख्या उज्जैनच्या ओळखीची. पोपटी रंगाची, मागे सिग्नलचा लाल दिवा बसवलेला. खाटीक लांबूनच ओरडायचा, "आइए साहब, आपकी नसें रखी हैं!" आणि दुकानात मटण घ्यायला आलेले सगळे वळून बघायचे.

घरात मात्र कायदा कडक होता. नसांचा डबा पुढच्या दाराने यायचा नाही. तो मागच्या जिन्याने थेट गच्चीवर. सरस शिजवायची शेगडीही गच्चीवरच. सुतारकामाचा सरस तुम्ही कधी उकळलेला पाहिला असेल तर त्याच्या वासाबद्दल मी वेगळं सांगायला नको. नसेल पाहिला तर पाहूही नका. काम चालू असलं की आंघोळ केल्याशिवाय काकांना स्वयंपाकघरात पाऊल टाकायची बंदी. त्यांचा चहा स्टीलच्या वेगळ्या ग्लासात, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कट्ट्यावर. काकू आतून ग्लास ठेवायच्या आणि खिडकी लावून घ्यायच्या. काका मागच्या पायरीवर बसून एकटे चहा प्यायचे. काकूंना त्यांचा राग होता असं नाही. पण त्यांच्या देवघरात रोज पूजा होती आणि मेलेल्या जनावराचं काही या घरात इतक्या वर्षांत आलं नव्हतं. "हौस तुमची, विटाळ माझा," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या.

मग खांद्याचं निघालं. आयुष्यभर तारा ओढून ओढून काकांचा उजवा खांदा झिजला होता. फ्रीगंजमधल्या डॉक्टरने फोटो बघून सांगितलं की दिवाळीनंतर ऑपरेशन करून टाका, आणखी थांबू नका.

"त्यानंतर हात चालेल ना?" काकांनी विचारलं.

"केसांतून कंगवा फिरवण्याइतका वर जाईल. ओढाओढीचं मात्र विसरा."

"डॉक्टरसाब," काका आपल्या चकचकीत टकलावरून हात फिरवत म्हणाले, "मला कंगव्याचा काय उपयोग?"

आम्ही परत येत होतो. रिक्षात मी मध्ये आणि दोन बाजूंना दोघं. काकू बाहेर बघत होत्या. काका एकदम म्हणाले, "नोकरीभर मी दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी तार ओढली. ओढायची आणि अडकवून ठेवायची. सोडायची ती पण दुसऱ्याच्या हुकमाने. एकदा मला असं काही ओढायचंय जे मी स्वतः सोडेन. फक्त एकदा, कानापर्यंत." ते माझ्याशी बोलले की काकूंशी, कोण जाणे. इतके दिवस मी या माणसाला थोडासा सरकलेला समजत होते.

बागलीकडच्या एका जुन्या सहकाऱ्याने धामणीचं लाकूड पाठवलं होतं, कुऱ्हाडीचे दांडे करतात ते. ते तासून काकांनी उन्हाळ्यात, वैशाखाच्या ऐन तापात, त्यावर नसा चढवल्या होत्या. वाळलेली नस कुटायची, तंतू सुटे करायचे, कोमट सरसात बुडवायचे आणि लाकडाच्या पाठीवर एकाला एक चिकटवून थरावर थर बसवायचे. मग महिनोन्महिने वाळू द्यायचं. तोवर दोरी चढवायची नाही. घाई केली तर सगळं गेलं. पावसाळ्यात हवा ओली, म्हणून त्यांनी गच्चीच्या जिन्यातल्या एका मोडक्या कपाटात बल्ब लावून त्या उबेत धनुष्य ठेवलं. काकू त्या कपाटाला बाळंतिणीची खोली म्हणायच्या. "जा, बघून या, शेक नीट मिळून राहिला की नाही." चेष्टा होती, पण वीज गेली की बल्ब पुन्हा लागला का हे बघायला त्याही हळूच जिन्यापर्यंत जाऊन येत. हे मी पाहिलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

दसरा ठरला होता. सकाळी शस्त्रपूजा आणि दुपारी गच्चीवर धनुष्य ओढायचं. दिवाळी आणि ऑपरेशन त्याच्या पुढे.

या घरात दसऱ्याला ज्याचं जे हत्यार ते पाटावर मांडायची रीत होती. काकांचे सिग्नलचे पाने, काकूंची विळी आणि शिवणयंत्राची कात्री, मी नुकत्याच घेतलेल्या स्कूटीची किल्लीही त्यांनी मागून घेतली होती. काका सकाळीच झेंडू आणि आपट्याची पानं आणायला टावर चौकात गेले. मी खाली आले तेव्हा काकू सोवळ्यात होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी मोठं ठरवल्याचं तेज होतं.

"आज मीच आणलं खाली," त्या म्हणाल्या. "म्हटलं, इतके महिने बिचारे पायरीवर बसून चहा पिऊन राहिले. आज त्यांचं धनुष्य देवाजवळ मांडून देते. पण तसंच कसं मांडायचं? जनावराचं आहे ना ते. म्हणून अगोदर शुद्ध करून घेतलं."

मोठ्या परातीत धनुष्य आडवं होतं. त्यावर पंचामृताचा अभिषेक झाला होता आणि वरून चांगलं कढत पाणी. आमच्या उज्जैनात कशावरही अभिषेक हाच उतारा. आणि काकू घाईगडबडीत अभिषेक करणाऱ्या नव्हेत. अथर्वशीर्षाची आवर्तनं होईपर्यंत धनुष्य त्या पाण्यात भिजत पडलं होतं.

सरस पाण्याने सुटतो, हे मला काकांच्या बडबडीतून माहीत होतं. काकूंना कोण सांगणार? त्या कधी त्या कामाजवळ गेल्याच नव्हत्या. परातीत नसा लाकडापासून सुटून दुधात शेवया तरंगाव्यात तशा तरंगत होत्या. माझं तोंड बघून काकूंनी खाली पाहिलं, आणि त्यांनाही कळलं.

तेवढ्यात काका दारात आले. हातात झेंडूच्या माळा, काखेत आपटा. ते परातीसमोर येऊन थांबले.

"तू हात लावलास?" त्यांनी विचारलं.

काकूंना वाटलं रागावून विचारतायत. "मला काय मालूम होतं हो," त्या रडायलाच लागल्या, "लाकडाची खुर्ची कधी पाण्याने सुटते का? मी चांगल्यासाठीच..."

"तू हाताने धुतलंस? नसांना हात लावून?"

"मग काय चिमट्याने धुऊ?"

काका परातीजवळ खाली बसले. परातीतला एक तंतू त्यांनी बोटावर घेतला. मग बोट चाटलं. "मध जास्त पडलाय," ते म्हणाले. आणि ते ओलं, चिकट, सुटलेलं लाकूड नसांसकट उचलून त्यांनी देवाजवळ मांडलं, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि वर सगळ्यात मोठी माळ घातली. रागाची एक रेषही नव्हती त्यांच्या चेहऱ्यावर. मीच मनातून चिडले होते. सगळा उन्हाळा आणि पावसाळा वाया गेला होता, आणि नवं धनुष्य वाळेपर्यंत खांदा राहणार नव्हता.

दुपारी काकू जेवल्या नाहीत. काका त्यांच्या दाराशी जाऊन बोलत होते ते मला जिन्यात ऐकू आलं. "अगं, सरसाचं हेच तर चांगलं असतं. पाण्याने सुटतो आणि पाण्यानेच परत चिकटतो. फेविकॉल असतं तर माणूस खरंच फसला असता. लाकडाला काही झालं नाही. नसा धुऊन घेऊ."

नसा धुऊन गच्चीवर वाळत टाकल्या तर मधाला मुंग्या लागल्या. बऱ्याच टाकून द्याव्या लागल्या. पुन्हा हेल्मेट, पुन्हा खाटीक. पण आता काकांच्या खांद्याला कुटणंही जमेना आणि तंतू जाडेभरडे निघायला लागले. एका सकाळी ते पायरीवर बसून एका नसेशी झोंबत होते. मी ऑफिसला निघाले होते. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती.

"असं सोलतात का?" आतून काकू म्हणाल्या. "वाती वळताना असा कापूस ओढला तर देवासमोर मशाल पेटेल. आणा इकडे."

"आंघोळ करावी लागेल तुला."

"करीन. उज्जैनात पाण्याला काय तोटा?"

हे त्या म्हणाल्या तेव्हा नळाला एक दिवसाआड पाणी येत होतं.

काकू मागच्या दाराने बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या. आयुष्यभर लाखो वाती वळलेल्या बोटांनी त्यांनी ती नस अशी सोडवली की काका बघतच राहिले. केसासारखे बारीक, सारखे, लांब तंतू. संध्याकाळी परत आले तर खिडकीच्या कट्ट्यावर स्टीलचे दोन ग्लास होते. काकांचा ग्लास आत गेला नव्हता, काकूंचा बाहेर आला होता.

दिवाळीच्या आत नव्या नसा बसल्या. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. काकांचा हात गळ्यात आला आणि धनुष्य पुन्हा कपाटात गेलं. हिवाळ्यात माळव्याची हवा कोरडी, ते छान वाळत होतं. खांदा मात्र डॉक्टर म्हणाले होते तसाच निघाला. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम काका नेमाने करायचे. हात कानापर्यंत जायचा, पण भरलेली पाण्याची बादली उचलायला सांगितली की पडायचा. मला ते बघवायचं नाही. त्यांना सांगावंसं वाटायचं, काका, सोडा आता. पण ते तर मजेत होते. नसा वाळल्यावर ते डाव्या हाताने काचेचा तुकडा घेऊन धनुष्याच्या पोटाकडचं, म्हणजे आतल्या अंगाचं, लाकूड खरवडत बसायचे, दोरी चढवून भिंतीवरच्या खुंटीला अडकवून थोडं वाकवायचे, बघायचे, पुन्हा खरवडायचे.

"काय करताय?"

"हलकं करून राहिलोय."

मला वाटलं, स्वतःच्या खांद्यासाठी. मी ऑफिसच्या कामाचं निमित्त करून खाली गेले.

पाडव्याच्या सकाळी गच्चीवर गुढी उभी राहिली. काकूंनी नवी साडी नेसली होती, केसांत गजरा होता. नैवेद्य झाल्यावर काकांनी कपाट उघडलं. धनुष्य मधाच्या रंगाचं झालं होतं. त्यांनी मला धरायला लावून दोरी चढवली. नखाने दोरी छेडली, ती टणत्कारली. मग एक बाण काढला. टोकाला लोखंड नव्हतं, रबराचं बूच होतं. बाजूचा प्लॉट मोकळा होता. तिथे गवत आणि कुणाकुणाचा कचरा. माणूस नाही ना हे त्यांनी दोनदा वाकून पाहिलं.

मी पुढे झाले. त्यांना ओढता येणार नव्हतं, म्हणजे मलाच ओढायला सांगणार हे उघड होतं. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच ऑफिसात रजा टाकली होती.

"तू नाही बेटा," काका म्हणाले. "तू टाकीमागे उभी राहा. ज्याने केलं त्याने ओढायचं." आणि त्यांनी धनुष्य काकूंसमोर धरलं.

"माझं डोकं फिरलंय का?" काकू म्हणाल्या. "तुमचं होतं ना ते ओढायचं? इतकी वर्षं..."

"होतं. पण हे तुझ्या हाताच्या मापाचं केलंय आता. माझ्या हाताला ते बसणारही नाही."

काकूंनी धनुष्याकडे पाहिलं आणि मग त्यांच्या खांद्याकडे. "मला नाही येत," त्या हळूच म्हणाल्या.

"माहेरी महिदपूरला विहिरीतून पाणी ओढायचीस ना? तसंच. फक्त आडवं."

जुनी धनुष्यं ओढताना काका हेल्मेट घालायचे, कानाच्या त्या व्रणानंतर. त्यांनी ते आणून काकूंच्या डोक्यावर चढवलं, गजऱ्यासकट. पट्टा नीट लावून दिला. पाडव्याची साडी, हातभर हिरव्या बांगड्या आणि डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, अशा काकू गुढीशेजारी उभ्या राहिल्या. मी हसले असते, पण काकांनी डोळे मिटले होते. तुटायचा आवाज ऐकायची त्यांच्या कानांना सवय होती. डाव्या हाताची मूठ वळलेली होती आणि ओठ काहीतरी पुटपुटत होते.

काकूंनी ओढलं. बांगड्या कोपराकडे सरकल्या. लाकूड बारीक कुरकुरलं, आणखी वाकलं, तरी वाकतच राहिलं. काकूंची मूठ हेल्मेटला, अगदी कानापाशी जाऊन टेकली.

"सोडू?" हेल्मेटमधून आवाज आला.

"तुला वाटेल तेव्हा," काका डोळे मिटूनच म्हणाले. "कुणाच्या हुकमाची वाट नको बघू."

सुंकन आवाज झाला. काहीही तुटलं नाही. बाण गवतावरून, कचऱ्यावरून, प्लॉटच्या पार पलीकडच्या बाभळीपर्यंत गेला. काकांनी डोळे उघडले, आधी धनुष्याकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"कुठे गेला?" काकू कठड्यावरून वाकून बघत होत्या. "दिसला! तो काय, बाभळीखाली. अहो, उभे काय राहिलात? जा, घेऊन या."

काका चपला न घालताच जिन्याकडे धावले, बरा हात कठड्यावर आणि दुखरा हात पोटाशी धरून. ते खालच्या पायरीवर पोचले असतील नसतील तोच काकूंनी हेल्मेटची काच वर केली आणि ओरडल्या, "आणि पाय धुऊन वर या! मला परत मारायचाय."